मनातलं बोलायचं कोणाशी, कुठं आणि कसं: फोनवर आणि समोरासमोर, पायरी-पायरीनं

"दिवसभर फोन हातात रायते, पण बोलाले कोणी नाई." हे वाक्य मागच्या सहा-सात महिन्यांत मी तीन वेगळ्या तोंडून ऐकलं. एक आमच्या गावचा पोट्टा, पुण्यात कंपनीत आहे. दुसरी माझी चुलत बहीण, बी.ए. करून घरीच आहे. तिसरे आमचे मोठेबाबा, त्यांचं वय बासष्ट. तिघांशीही नीट बसून बोललो तेव्हा कळलं की माणसं आहेत, गाव भरलेलं आहे, फोनमधे चारशे नंबर आहेत, पण क्रम चुकून राहिला. जड गोष्ट ग्रुपवर टाकतात, ज्याच्याजवळ बसून बोलायला पाहिजे त्याला "हम्म" पाठवतात, आणि ज्याला नुसता निरोप द्यायचा त्याच्या ओट्यावर जाऊन दोन तास बसतात.

म्हणून हे क्रमानं लिहिलं आहे. पहिल्या चार पायऱ्या तयारीच्या आहेत आणि लोक नेमक्या त्याच गाळतात, तेव्हा त्या तरी गाळू नका.

पायरी १: बोलायचं काय, ते एका ओळीत कागदावर लिहा

फोनमधे नाही, कागदावर. फोनमधे लिहिलं की बोट आपोआप पाठवायच्या बटणाकडं जाते.

ओळ लिहिली की स्वतःलाच विचारा, मला यातलं काय पाहिजे: माहिती पाहिजे, सल्ला पाहिजे, मन मोकळं करायचं आहे, का एखादी आवडीची गोष्ट कोणासोबत वाटून घ्यायची आहे? या चारही गोष्टींना माणूस वेगळा लागतो आणि जागापण वेगळी लागते.

माझ्या एका दोस्तानं मागच्या हंगामात गावच्या ग्रुपवर टाकलं, "तूर वाळून राहिली राज्या, काय करू." अर्ध्या तासात चौदा जणांनी औषधांची नावं सांगितली, दोघांनी दुकानाचा पत्ता दिला, एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. रात्री तो माझ्याजवळ आला तेव्हा कळलं की मर रोगाचं त्याला आधीच माहीत होतं, उभ्या पिकाला आता औषध मारून फार फायदा नाही हेपण माहीत होतं, त्याला बोलायचं होतं ते बापानं काढलेल्या कर्जाबद्दल, आणि ते त्या चौदा जणांपैकी एकालाही दिसलं नाही कारण त्यानं लिहिलंच नव्हतं. माहिती मागितली, माहिती मिळाली. चूक ग्रुपची नव्हती.

निव्वळ माहिती पाहिजे असेल तर त्यासाठी माणसाचा जीव खाऊ नका. पिकाचं असेल तर किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १० वाजेपर्यंत, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत. ते काम तिथं उरकलं की माणसासोबतचा वेळ खऱ्या बोलण्यासाठी उरतो.

तपासा: तुमची ओळ वाचून कोणी विचारलं "मग मी काय करू?" तर तुमच्याकडं उत्तर आहे का? "काही करू नको, फक्त आयक" हेपण उत्तरच आहे. पण ते आधी ठरलेलं पाहिजे.

पायरी २: तीन नावं काढा

एकच नाव काढलं की सगळा भार त्याच्यावर जातो आणि त्यानं फोन उचलला नाही तर आपण धरून बसतो. म्हणून तीन.

नाव काढताना जवळचा कोण, जुना कोण, हे पाहू नका. तीन गोष्टी पहा. तो उलटा प्रश्न विचारतो का, म्हणजे तुम्ही म्हटलं "परवा दवाखान्यात गेलो होतो" तर "काहून, काय झालं?" म्हणतो का लगेच स्वतःच्या बीपीचं चालू करतो? गोष्ट त्याच्या पोटात राहते का? आणि त्याला सध्या वेळ आहे का, कारण ज्याच्या घरी लग्न आहे किंवा म्हातारं माणूस अंथरुणाला आहे त्याचं मन चांगलं असूनही तो ऐकू शकत नाही.

गावात गोष्ट पोटात राहण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. सगळे एकमेकांचे नातेवाईक, इथं बोललेलं सूतगिरणीच्या फाट्यापर्यंत जाते आणि तिथून फिरून आपल्याच घरी येते, तेही दोन गोष्टी जास्तीच्या लागून. म्हणून आधी एक लहान गोष्ट देऊन पहा. अशी की पसरली तरी नुकसान नाही, पण पसरली तर तुम्हाला कळेल. आठ-दहा दिवस थांबा. ती परत तुमच्या कानावर आली तर ते नाव खोडा, भांडू नका, नुसतं खोडा.

सावध: जो माणूस तुमच्याजवळ बसून दुसऱ्याचं घरातलं सांगतो आणि म्हणतो "कोणाले सांगू नको बरं", तो तुमचंपण तसंच सांगणार. त्याच्याशी पावसापाण्याचं जरूर बोला.

आपल्या वयाच्या बाहेर बघा. माझ्या तीन नावांत एक माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे निवृत्त मास्तर आहेत आणि एक बारावीतला भाचा आहे. भाच्याशी जे बोलणं होते ते दोस्तांशी कधीच झालं नाही, कारण त्याला माझ्यासमोर काही सिद्ध करायचं नाही आणि मलाही त्याच्यासमोर नाही.

पायरी ३: कोणती गोष्ट फोनवर, कोणती समोर

सगळ्यात जास्त चुका इथं होतात म्हणून इथं जरा थांबतो. पहिले एक सांगतो, फोनवरचं बोलणं खोटं आणि समोरचं खरं, असं मी मानत नाही. ज्या सुनेला घरात स्वतःची एक खोली नाही, जिचा प्रत्येक फोन सासू-नणंदेच्या कानावर पडते, तिला टाईप करून मैत्रिणीशी बोलता येणं म्हणजे श्वास घेता येणं आहे. ज्या पोराची गोष्ट गावात तोंडावरच आणता येत नाही त्याला दूरच्या अनोळखी माणसानं "मलापण असंच वाटते" म्हटलं तर त्याची किंमत पारावरच्या दहा गप्पांपेक्षा जास्त आहे. तेव्हा प्रश्न चांगलं-वाईटाचा नाही, कोणत्या गोष्टीला काय लागते त्याचा आहे.

समोर बसूनच बोला: कर्ज, आजार, सोयरीक मोडणं, जमिनीची वाटणी, धुऱ्याचं भांडण, माफी मागणं. या गोष्टींत मधली शांतता महत्त्वाची असते. माणूस गप्प बसला, जमिनीकडं पाहू लागला, काडीनं माती उकरू लागला, तर आपल्याला कळते की आता थांबायचं. फोनवर तीच शांतता आली की आपण "हॅलो, हॅलो, आवाज येते का?" म्हणतो आणि सगळं मोडते. दुसरं कारण स्क्रीनशॉट. जे लिहून पाठवलं ते कायमचं समोरच्याच्या हातात गेलं, मग "सगळ्यांसाठी डिलीट" करा नाहीतर काही करा.

फोन लावून बोला: माणूस दूर आहे आणि गोष्ट थांबू शकत नाही तेव्हा. आणखी एक, डोळ्यात पाहून बोलताच येत नाही तेव्हापण. बापलेकाचं बहुतेक असंच असते. समोर बसले की दोघंही बैलाबद्दल बोलतात. पुण्यातला तो पोट्टा म्हणतो की बाबांशी खरं बोलणं फक्त फोनवर झालं, तेही व्हिडिओ न लावता. व्हिडिओत बाबा तोंड कुठं धरू याच विचारात असायचे आणि कपाळच दिसायचं, शिवाय आपल्याकडं नेटवर्क असं की तोंड थांबते आणि आवाज पुढं जाते. साधा कॉल लावा.

टाईप करा: विचार करून बोलायची गोष्ट असेल, आवडीचा विषय असेल, घरात कोणी ऐकू नये असं असेल, किंवा समोरच्याला वेळ घेऊन उत्तर द्यायची मोकळीक द्यायची असेल तर. लिहिलेल्या बोलण्याचा खरा फायदा हाच की रात्री अकराला लिहिलं आणि त्यानं पहाटे मोटर चालू करायला गेल्यावर वाचलं, तरी चालते.

व्हॉइस नोट मधली आहे. आवाज कळते, रडू कळते, हसू कळते. पण एक-दीड मिनिटाच्या वर नको. सात मिनिटांची नोट लोक दुप्पट वेगानं ऐकतात आणि मग तुमचं दुःख बातम्यांसारखं पळते. आणि ती लाऊडस्पीकरवर वाजणार नाही याचा भरोसा नाही, म्हणून घरात माणसं असतील तर आधी लिहून विचारा, "कानात लावून ऐकशील का?"

सावध: भांडण टाईप करून कधीच मिटवू नका. माझं स्वतःचं सांगतो. एका दोस्तानं मेसेज केला की उन्हाळ्यात बहिणीच्या लग्नाला थोडी मदत लागेल, मी वावरात होतो, हात मातीनं भरलेले, एका बोटानं लिहिलं "पाहू". माझ्या मनात होतं की बायकोशी बोलून आकडा सांगतो. त्यानं वाचलं की हा टाळून राहिला. पाच महिने आम्ही बोललो नाही, एका गावात राहून, एकाच रस्त्यानं जाऊन. लग्न झालं, मला पत्रिका आली पण तो आला नाही द्यायला. शेवटी मीच त्याच्या वावरात गेलो तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत सगळं साफ झालं. दोन अक्षरांचा मेसेज होता तो. फोन लावला असता तर चाळीस सेकंद लागले असते.

तपासा: पाठवायच्या आधी मेसेज रागावलेल्या आवाजात मोठ्यानं वाचून पहा. "बरं", "ठीक", "पाहू", "तुझी मर्जी" हे रागात वाचता येतात. वाचता येत असेल तर समोरचा तसंच वाचणार. पुढं एक ओळ जोडा किंवा फोन लावा.

पायरी ४: जागा आणि वेळ

आपल्याकडं लोक पानठेल्यावर जड गोष्ट काढतात. खर्रा घोटेपर्यंत पाच मिनिटं, चार कान, येणारा-जाणारा "काय चालू हाय भाऊ?" म्हणणार. तिथं माणूस जे बोलते ते ऐकणाऱ्यांसाठी बोलते. राजकारण, भाव, क्रिकेट यासाठी ठेला उत्तम आहे, मनातलं तिथं काढू नका. घराचा ओटापण तसाच, कारण भिंतीपलीकडं कोणीतरी भाजी निसत बसलेलं असते.

चांगली जागा म्हणजे जिथं हात कामात आहेत, डोळे दुसरीकडं आहेत आणि ऐकणारा एकच आहे. आपल्या कामात अशा जागा भरपूर आहेत, फक्त ओळखायला पाहिजे:

जागल. हरभऱ्याच्या दिवसांत रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) रात्री वावरात राखणीला जावंच लागते. शेकोटी आहे, अंधार आहे, तोंड दिसत नाही, आणि सकाळपर्यंत कोणालाच कुठं जायचं नाही. माझी सगळ्यात खरी बोलणी जागलीवर झाली. ज्याच्याशी बोलायचं आहे त्याला म्हणा, "आज माझ्याकडं ये जागलीले, चहाचं सामान मी आणतो."

बायांसाठी निंदणाची पात किंवा कापसाचे तास, म्हणजे ओळी. शेजारच्या दोन तासांत दोघी असल्या की दिवसभराचा वेळ आहे, फक्त मुकादमीण आणि बाकीच्या चार ओळी तरी पुढं-मागं पाहिजेत. माझी बहीण म्हणते की वेचणीच्या दिवसांत ती मुद्दाम एका वहिनीच्या बाजूचा तास धरते. बचत गटाच्या बैठकीत मात्र मनातलं निघत नाही, तिथं हप्त्याचा हिशोब असते. बैठक झाल्यावर घरी परत येतानाचा रस्ता, तो कामाचा.

उन्हाळ्यात अंगणात खाटा पडतात ती रात्र. दुपारी पारा ४५ च्या आसपास असते तेव्हा कोणाशीच काही बोलू नका, माणूस तापलेला असते.

मोटरसायकलवर मागं बसून बोलणं लोकांना आवडते पण अर्धं वाऱ्यात जाते. त्यापेक्षा तालुक्याला एस.टी.नं जा, येताना शेवटच्या सीटवर बसा.

टाळायचे दिवस: पेरणीचा आठवडा, पाऊस लांबला असेल ते दिवस, सोयाबीन सोंगून पडलेलं आहे आणि आभाळ आलं आहे ती संध्याकाळ, कापूस विकून पैसे अजून जमा झाले नाहीत तो काळ. आणि दारू घेतलेल्या माणसाशी, किंवा स्वतः घेऊन, हे बोलणं नाहीच. रात्री खूप मोकळं वाटते, सकाळी दोघांपैकी एकाला आठवत नाही आणि दुसऱ्याला लाज वाटते.

फोनचं असेल तर वेळ आधी लिहून ठरवा. "आज रात्री नऊला वीस मिनिटं मिळतील का?" हा मेसेज अर्धं काम करते. गच्चीवरच टॉवर येत असेल तर आधीच गच्चीवर जाऊन बसा, चार्जिंग पहा.

पायरी ५: तोंड कसं उघडायचं

पहिलं वाक्य परवानगीचं. दुसरं वाक्य काय पाहिजे त्याचं. तिसऱ्या वाक्यात सरळ गोष्ट.

"भाऊ, तुले आता वेळ हाय काय? मले एक गोष्ट बोलाची हाय. सल्ला नको देऊ, फक्त आयकून घे. मागच्या महिन्यापासून मले झोप नाई."

मोठ्या माणसाशी असेल तर, "मोठेबाबा, तुमच्याशी एक बोलायचं होतं, तुमाले काय वाटते ते सांगा." इथं सल्ला मागितलेलाच बरा, मोठ्यांना नुसतं ऐकायला बसवलं की त्यांना अवघडल्यासारखं होते.

चूक काय होते, तर माणूस अर्धा तास "बाकी काय", "चालू हाय आपलं" करत फिरतो आणि उठायच्या वेळी दारात उभा राहून खरी गोष्ट काढतो. तोपर्यंत समोरच्याचा जेवणाचा टाईम झालेला असतो.

समोरच्याला बोलतं करायचं असेल तर "काय चाललं" विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. नेमकं विचारा. "पोराचं ॲडमिशन झालं म्हणे, तुमाले करमते का आता घरी?" गाडगेबाबा कीर्तनात हेच करायचे, समोर बसलेल्यांना साधा-साधा प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. सांगणं कमी, विचारणं जास्त. लिहून बोलतानापण हेच लागू आहे, फॉरवर्ड पाठवून "कसं वाटलं?" विचारण्यात प्रश्न नाही. दोन बाणांचं चिन्ह असलेला मेसेज आधीच खूप हातांतून फिरून आलेला असतो, त्यात तुमचं काहीच नसते.

पायरी ६: समोरचा बोलत असताना

हे कमी शब्दांत. फोन खिशात, खाटेवर उलटा ठेवलेला पण नको. त्याचं वाक्य संपलं की मनात दहापर्यंत मोजा, बहुतेक वेळा खरी गोष्ट सात-आठवर येते. "माझं तर त्याहून वाईट झालं" हे वाक्य त्या दिवशी वापरायचं नाही. आणि देवाची मर्जी, नशीब, हे दुसऱ्याच्या दुःखावर आपण ठेवायचं नाही, त्यानं स्वतः म्हटलं तर म्हणू द्यायचं.

सावध, आणि हे नीट वाचा: बोलता बोलता माणूस "आता काही अर्थ नाही", "मी नसलो तरी काय फरक पडते" असं म्हणाला, किंवा अचानक लोकांचे उसने पैसे परत करून, जनावरं दुसऱ्याच्या हवाली करून मोकळा होऊन राहिला, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं विचार मनात भरत नाही, उलट तो माणूस पहिल्यांदा कोणाजवळ तरी बोलते. त्याला एकटं सोडू नका. घरात, गोठ्यात फवारणीचं औषध असेल ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. तुमच्या फोनवरून लावून त्याच्या हातात द्या. मग दवाखाना. तुम्ही दोस्त आहात, डॉक्टर नाही, आणि "कोणाले सांगू नको" हे वचन अशा वेळी मोडावं लागते.

पायरी ७: गावात कोणीच नसेल तर ऑनलाइन माणूस कसा शोधायचा

काही गोष्टींसाठी गावात खरंच माणूस मिळत नाही. माझ्या बहिणीला कविता वाचायला आवडते, इथं कोणाला विचारणार? अशा वेळी ऑनलाइन जा, पण क्रमानं.

आधी सेटिंग. व्हॉट्सॲपमधे प्रायव्हसीत जाऊन "मला ग्रुपमधे कोण जोडू शकते" ते फक्त आपल्या कॉन्टॅक्टवर ठेवा. प्रोफाईल फोटोपण तसाच. लक्षात ठेवा, साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमधे तुमचा नंबर सगळ्या सभासदांना दिसतो, आणि ग्रुपमधे १,०२४ पर्यंत लोक असू शकतात. पोरींनी हे आधी पहावं. टेलिग्रामवर नंबर लपवून नुसत्या युजरनेमवर राहता येते, अनोळखी जागी ते बरं.

मग विषयानं शोधा, गर्दीनं नाही. "मैत्री ग्रुप" नावाच्या ठिकाणी मैत्री होत नाही, तिथं सुप्रभात होते. पक्षी, संत्र्याची बाग, स्पर्धा परीक्षा, वाचन, जुनी गाणी, असा एक विषय घ्या. जिथं लोक एकमेकांना नावानं उत्तर देतात तो ग्रुप चांगला. जिथं दिवसाला दोनशे मेसेज आणि उत्तर एकाचंही नाही, तो म्यूट करून ठेवा नाहीतर निघा.

दोन आठवडे फक्त वाचा. मग कोणाच्या तरी प्रश्नाला मनापासून, पाच-सहा ओळींचं उत्तर द्या. हे लोक करतच नाहीत, पहिल्या दिवशी स्वतःची कहाणी टाकतात आणि कोणी काही म्हटलं नाही की वाईट वाटून निघून जातात. बहिणीनं एका बाईच्या प्रश्नाला असंच लांब उत्तर दिलं, त्या बाईनं उलटा प्रश्न विचारला, तीन आठवडे ते सगळ्यांसमोरच चाललं आणि मग तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला वेगळा मेसेज केला तर चालेल का?" परवानगी मागून वेगळं बोलणं, ही ती पायरी. सरळ इनबॉक्समधे "हाय" टाकणं नाही. पुरुषांनी बायकांच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

तपासा: तीन-चार आठवड्यांनी जुनं बोलणं वर सरकवून वाचा. प्रश्न दोन्ही बाजूंनी आहेत का? एकच माणूस लिहून राहिला आणि दुसरा अंगठा दाखवून राहिला असेल तर ते बोलणं नाही, थांबा.

सावध: पैसे मागितले, लिंक पाठवली, ओटीपी विचारला, अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला, तर लगेच बंद. अश्लील व्हिडिओ कॉल लावून त्याचं रेकॉर्डिंग करतात आणि मग धमकावून पैसे काढतात, यात शिकले-सवरलेले लोकपण फसतात. असं झालंच तर एक रुपयाही देऊ नका, चॅट डिलीट करू नका, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे, १९३०, तिथं फोन लावा आणि घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा. लाजेनं गप्प बसणाऱ्याकडून ते पुन्हा पुन्हा मागतात.

पायरी ८: ऑनलाइनचा माणूस भेटायचा असेल तर

आधी लिहिणं, मग आवाज, मग भेट. आवाज न ऐकता भेटायला जाऊ नका. भेट दिवसा, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, वाचनालय, एस.टी. स्टँडजवळचं हॉटेल, जिथं माणसं आहेत तिथं. घरच्या एकाला तरी कुठं आणि कोणाला भेटून राहिले ते सांगून जा. सोबत कोणी आलं तर उत्तम, दुसऱ्या टेबलावर बसेल. गावाकडं यायची शेवटची गाडी किती वाजता ते आधी पहा आणि त्याच्या आधीच्या गाडीनं निघा, शेवटचीच्या भरोशावर राहू नका.

पहिल्या भेटीत बोलणं फोनवरच्यापेक्षा थंड वाटते. घाबरू नका, तसंच होते. तासाभरात उठा. दुसऱ्या भेटीवरून ठरवा.

पायरी ९: चार-पाच जणांची बैठक

दोघांचं बोलणं जमू लागलं की मग. आधी नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात एक चांगली पद्धत आहे, तिथं निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं होतो, पण विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट बसतो आणि अभ्यासगट निर्णय करत नाही. निर्णय करायचा नसला की कोणाला जिंकायचं नसते, म्हणून लोक मोकळं बोलतात. आपण एवढंच उचलू. महिन्यातून एक दिवस, एक विषय, ठराव काही नाही, हार-नारळ नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. फोटो टाकला की पुढच्या वेळी सरपंचाचा माणूस येऊन बसते.

आमच्याकडं सामुदायिक प्रार्थना झाल्यावर मंदिरात चार-पाच जण मागं थांबतात, तिथंच सुरू केलं. पहिले दोन महिने फक्त पिकाच्या भावावरच बोलणं गेलं. तिसऱ्यांदा एकानं म्हटलं, पोरांना शेती करायची नाही तर आपण रागावतो काहून? त्या रात्री साडेअकरा वाजले.

पायरी १०: धागा सुटू देऊ नका

एक चांगलं बोलणं झालं की लोक समाधानानं घरी जातात आणि मग तीन महिने काहीच नाही. बोलणं झालं त्याच रात्री त्यानं सांगितलेली एक गोष्ट लिहून ठेवा, तारीख असेल तर तारखेसकट. आईचं ऑपरेशन, पोरीचा निकाल, बँकेत जायचं ते. त्या दिवशी विचारा, "झालं काय काम?" हे मात्र टाईप करून चालते, इथं फोनच सगळ्यात कामाचा आहे. समोर बोललेलं फोननं जपायचं आणि फोनवर उघडलेलं समोर बसून पुरं करायचं, असं दोन्ही चालू ठेवा.

दिवस बांधून घ्या. मोठेबाबा आता दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या शाळेतल्या दोस्ताला फोन लावतात, तो दारव्ह्याकडं असते, दोघं पंधरा मिनिटं बोलतात आणि दिवाळीत एकदा भेटतात. आधी वर्षानुवर्षं ते एकमेकांना फुलांची चित्रं पाठवत होते.

आणि उत्तर आलं नाही तर? निळ्या टिका पाहून अर्थ काढू नका, वावरात माणूस मेसेज वाचते आणि विसरते. आठ दिवसांनी एकदा फोन लावा. तरी नाही लागला तर पंधरा दिवसांनी आणखी एकदा, कारण न सांगता, नुसतं "आठवण आली म्हणून लावला." तिसऱ्यांदा नाही. तो कागद काढा, त्याच्यावर अजून दोन नावं आहेत.